गाडीकट्टा : भांडायचंच असेल तर इंजिनावरनं भांडा

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच छापाची आहेत, अमुक कंपनी भारी का तमुक, आणि शेवटी 'आता तुम्हीच निकाल द्या'. निकाल काय मी देत नाही. कंपनी कोण चालवत नसतंय, चालवतोय आपण एक मॉडेल, त्यातलं एक इंजिन, एक गिअरबॉक्स, आणि ते कुठल्या सालातलं हे पण धरायला लागतंय. तेवढं सांगून विचारलं की मग बोलायला मजा येते. तशी निवडक पत्रं खाली घेतलीत.

प्रश्न : नवीन स्विफ्ट बुक करायला निघालोय. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी बसतो तिथं दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणतोय चार सिलिंडरचं इंजिन काढून तीनचं टाकलं, ही गिऱ्हाईकाची फसवणूक, थरथरतंय आणि टिकायचं पण नाही. दुसरा म्हणतोय अॅव्हरेज बघ आणि गप बस. कुणाचं ऐकू? (एक वाचक, रंकाळा)

भावा, पहिल्याला आधी विचार की तुझ्या घरात मारुती ८०० होती का. १९८३ पासनं जी ८०० अख्ख्या देशानं पळवली ती ७९६ सीसीची, तीनच सिलिंडरची. तेव्हा कोण म्हणालं नाही टिकायचं नाही म्हणून. त्यामुळं 'तीन म्हणजे कच्चं' हा मुद्दा इथंच सोडून द्या.

आता खरं काय बदललं ते. मे २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये इंजिन १,१९७ सीसीचंच राहिलं, फक्त चाराऐवजी तीन सिलिंडरात वाटलं. म्हणजे एकेक सिलिंडर तीनशेचा चारशे सीसीचा झाला. पिस्टन कमी, रिंगा कमी, बेअरिंगं कमी, त्यामुळं घर्षणात वाया जाणारी ताकद वाचली, आणि मोठ्या सिलिंडरात आकारमानाच्या मानानं भिंत कमी असते म्हणून उष्णता पण कमी निसटते. मॅन्युअलचा कंपनीनं दिलेला अॅव्हरेजचा आकडा लिटरला २२.३८ वरनं २४.८० किलोमीटरवर गेला तो असा. बदल्यात ताकद ९० पीएसवरनं ८२ वर आली, टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ११३ चा ११२, म्हणजे जवळपास तेवढाच. गावात फरक कळणार नाही. हायवेला चौघं बसवून ट्रकला ओव्हरटेक मारताना कळेल.

थरथरीचं मात्र मित्र खोटं बोलत नाही. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, तीनमध्ये दोन तृतीयांश फेऱ्याला, म्हणजे आयडलला, गाडी नुसती चालू उभी असताना, दोन धक्क्यांमधलं अंतर वाढतं. शिवाय इंजिन पाळण्यासारखं या टोकावरनं त्या टोकाला डोलायला बघतंय. ते माउंटिंगचं रबर गिळतं, नवीन असताना बऱ्यापैकी गिळतं, रबर बसलं की केबिनमध्ये यायला लागतं. शोरूममध्ये गेलास की एसी लावून, गाडी न्यूट्रलला उभी ठेवून दोन मिनिटं नुसता हात गिअरच्या दांड्यावर ठेव. चाललं तर घे. आणि हो, बाराशेच्या आतच का बांधतात हे पण कट्ट्यावर सांग, बाराशे सीसी पेट्रोल आणि चार मीटर लांबी ही कराची रेघ आहे, सप्टेंबर २०२५ पासनं रेघेच्या आत १८ टक्के जीएसटी आणि बाहेर ४०. आपल्याकडं निम्मं इंजिनिअरिंग बजेटच्या भाषणात ठरतंय.

प्रश्न : मिस्टर म्हणतात मारुती म्हणजे पत्रा, टाटा म्हणजे लोखंड. बोनेटवर टिचकी मारून दाखवतात. असं कळतं का हो? (एक वाचक, इचलकरंजी)

नाही ताई, टिचकीवरनं कलिंगड कळतंय. वरचा पत्रा हा मुळात जीव वाचवायला नसतोच, बोनेट तर मुद्दाम मऊ ठेवतात, चालणारा माणूस धडकला तर डोकं वाचावं म्हणून. जीव वाचवतो आतला सांगाडा, ए पिलर म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब, दाराखालचा सिल, फ्लोअर, आणि तो वरनं दिसत नाही.

साहेबांचं एक मान्य, सुरुवात टाटानं केली. नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टमध्ये, पाच स्टार मिळवणारी भारतात बनलेली पहिली गाडी, डिसेंबर २०१८. पण गंमत बघा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नेक्सॉनला चार मिळाले होते. आणि इकडं २०२२ मध्ये स्विफ्टला एक स्टार देणाऱ्या त्याच संस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीन डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच दिले. म्हणजे स्टार कंपनीला नसतात, त्या मॉडेलला आणि त्या सालाला असतात. जुनी डिझायर सेकंड हँड घेऊन 'पाच स्टार' म्हणत फिरू नका म्हणजे झालं.

अजून एक, ती टेस्ट ताशी ६४ किलोमीटरला असते, गाडीच्या तोंडाचा ४० टक्के भागच अडथळ्यावर आपटतात. शंभरला आपटलं तर ऊर्जा जवळपास अडीचपट. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसायचं आणि स्टारवरनं भांडायचं हे आपल्याकडंच बघायला मिळतंय.

प्रश्न : ऊस आमचा, इथेनॉल आमचं, आणि अॅव्हरेज पण आमचंच पडलं. गाडी २०१६ ची पेट्रोल. मेव्हणा म्हणतो इंजिन जाणार, कारखान्यातला दोस्त म्हणतो काय होत नाही. (एक शेतकरी, शिरोळ तालुका)

दादा, पहिलं म्हणजे सगळं इथेनॉल आपल्या मळीचंच असतंय असं समजू नका, आता त्यात मक्याचा वाटा पण मोठा आहे, तांदूळ पण आहे. असो.

अॅव्हरेजचा हिशोब साधा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळं आता पंपावर मिळतंय तसं पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलपेक्षा लिटरमागं सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळणार, आणि आधीच्या दहा टक्केवाल्याशी तुलना केली तर साडेतीनच्या आसपास. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात पण जुन्या चारचाकीला सहा ते सात टक्के घट लिहिलीय. म्हणजे अठरा देणारी गाडी सतरापर्यंत आली तर तो इथेनॉलचा गुण. तेरावर आली तर इथेनॉलला शिव्या देऊ नका, एअर फिल्टर, प्लग आणि टायरची हवा बघा, ब्रेक चिकटून राहतोय का ते बघा.

इंजिन जाणार का? लगेच बसणार वगैरे काय नाही. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, त्यानं नॉकिंग, म्हणजे इंजिनातली टकटक, उलट कमी होतंय. अडचण रबराची आहे. वीस टक्क्याला चालणारे पाइप, ओरिंगा, गॅस्केटं घातलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासनं यायला लागल्या, तुमची त्याच्या आधीची. म्हणून पुढच्या सर्व्हिसला मिस्त्रीला फ्युएल लाइनचे रबरी पाइप हातानं दाबून बघायला सांगा, चिरा पडल्यात, फुगलेत किंवा कडक झालेत तर बदला, पेट्रोलचा वास येत असेल तर थांबूच नका. दुसरं, इथेनॉल हवेतली ओल ओढतंय. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून महिना-महिना गाडी शेडात लावून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, टाकी भरून ठेवा नाहीतर गाडी हलवत राहा.

आणि अॅव्हरेजचं एवढं मनाला लावून घेऊ नका. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी निघते तेव्हा किती देते म्हणून कोण विचारतंय का!

प्रश्न : वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ऑटोमॅटिकच पाहिजे. महिन्यातनं दोन वेळा गगनबावड्यावरनं कोकणात उतरतो. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी, सगळं ऐकून डोकं फिरलंय. (एक वाचक, फुलेवाडी)

एएमटी म्हणजे आपला मॅन्युअलच गिअरबॉक्स, क्लच मारायला फक्त माणसाऐवजी मशीन बसवलंय. २०१४ मध्ये सेलेरिओनं ती स्वस्तात आणली आणि लोकांना ऑटोमॅटिकची सवय लागली. स्वस्त, अॅव्हरेजला चांगली, पण गिअर बदलताना मान पुढं-मागं होते आणि घाटात चढावर नेमका नको तेव्हा गिअर टाकते. मॅन्युअल मोडला घेऊन चालवली तर जमतंय. सीव्हीटीला गिअरच नसतात, दोन पुलीवर पट्टा, एकदम गुळगुळीत, फक्त चढावर पाय दाबला की इंजिन बोंब मारतं आणि गाडी मागनं निवांत येते. काहींना तो आवाज सोसत नाही, वडलांना सोसेल. डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली, चालवायला सगळ्यात भारी, पण त्यातली कोरड्या क्लचवाली असेल तर चढावर ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना क्लच तापतो. सुट्टीच्या दिवशी घाटात ट्रक बंद पडून रांग लागली की काय होईल ते तुम्हीच बघा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातनं जाते, जुनी पद्धत, थोडं पेट्रोल जास्त पितंय, पण असल्या सरकण्याला तोड नाही. तुमच्या वापराला मी बजेट असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, नाहीतर सीव्हीटी म्हणेन.

उतरताना कुठलीही असो, डी वर टाकून नुसत्या ब्रेकवर उतरू नका. खालचा गिअर धरून ठेवायची सोय बहुतेक सगळ्यात असते, एल, बी, एस, नाहीतर मॅन्युअल, ती शोधून वापरा, नाहीतर करूळ घाटाच्या खाली पोचेस्तोवर ब्रेकचा वास नाकात. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमपासनं तावडे हॉटेलपर्यंत सपाटीला नको. वाघबीळाचा चढ नाहीतर जोतिबाचा रस्ता मागा, वडलांना शेजारी बसवा. नाय म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जावा.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. आमच्या शेडमधनं एकाच आठवड्यात दोन कंपन्यांचा माल निघतोय आणि बाहेर टपरीवर पोरं त्याच दोन कंपन्यांवरनं हमरीतुमरीवर येत्यात. हसायला येतंय. पण खरं सांगा, इलेक्ट्रिक आल्या की आमचं काय? (एक वाचक, शिरोली)

तुमच्या पत्रानं मला बरं वाटलं, कारण या सगळ्या भांडणाचं उत्तर तुमच्या शेडात पडलेलं असतंय. बाहेर तर त्याच्या पुढचं चालतंय, मारुतीची बलेनोच टोयोटा ग्लान्झा म्हणून विकते, स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन खालनं एकच, आणि दोन्हीचे मालक एकमेकाला नावं ठेवतात.

टपरीवरच्या पोरांना एकदा आत घेऊन जावा आणि होनिंग झालेला बोअर, म्हणजे दगडानं आतनं घासून घेतलेलं सिलिंडरचं भोक, उजेडात तिरका धरून दाखवा. लोकांना वाटतं सिलिंडर आतनं आरशासारखा गुळगुळीत पाहिजे. तसा केला तर तेल थांबणारच नाही. म्हणून त्या फुल्या-फुल्यांच्या बारीक तिरक्या रेघा मारतात, त्यात तेल बसतं आणि रिंग त्याच्यावरनं सरकते. त्या रेघांची खोली मायक्रॉनमध्ये, आणि ती चुकली तर बॅज कुठला का असेना, गाडी तेल खाणार. तसंच ब्लो होलचं. ओतताना आत अडकलेला गॅस वरनं दिसत नाही, कास्टिंग चकचकीत दिसतंय, तुम्ही मशीनवर चढवता, दोन-तीन ऑपरेशन झाली की टूलखाली भोक उघडं पडतंय आणि तोवरची सगळी मजुरी भंगारात. इंजिनिअरिंग चांगलं का वाईट हे असल्या ठिकाणी ठरतंय.

इलेक्ट्रिकचं गोड बोलून सांगत नाही. ब्लॉक, हेड, क्रँक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, त्या गाडीत यातलं काहीच नसतं. मोटरचं आणि बॅटरीचं घर बहुतेक अॅल्युमिनियम डाय कास्टिंगचं, ते वाळूच्या साच्याचं काम नव्हे, मशीन वेगळं, भांडवल वेगळं. पण ब्रेक डिस्क राहते, आणि ती ग्रे आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडाचीच राहते, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळं उष्णता पटकन पसरते आणि आवाज मारला जातो. चाकाचा हब राहतो, तो धरणारे नकल राहतात, सस्पेन्शनचे बरेच भाग राहतात, उलट बॅटरीमुळं गाडी जड झाल्यानं ते दणकट लागतात. शिवाय ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह हे गिऱ्हाईक कुठं जात नाही. तुमचा मालक फक्त ब्लॉक आणि हेडच्या ऑर्डरवर बसला असेल तर तुम्ही स्वतःपुरतं सीएनसीबरोबर अॅल्युमिनियमचं मशिनिंग शिकून घ्या, टूल वेगळं, स्पीड वेगळा, चिप चिकटायचा त्रास वेगळा. आणि हायब्रीड विसरू नका, त्यात मोटर पण आणि इंजिन पण, म्हणजे ब्लॉक लागतोच.

प्रश्न : नवीन सिएरा लगेच उचलू का थांबू? (एक वाचक, कागल)

जुनीच्या आठवणीनं घेत असाल तर ऐका, १९९१ ची सिएरा तीन दाराची, पिकअपच्या लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या चासीवर बांधलेली. नोव्हेंबर २०२५ ला आलेली मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी आणि चासी एकच, नाव आणि काचेचा घाट सोडला तर नातं काही नाही. दीड लिटरची तीन इंजिनं आहेत, साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल. कागल-पुणे सारखं होत असेल तर डिझेल, नुसतं कागल-कोल्हापूर करणार असाल तर डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला ती जाळण्याइतकं तापायला वेळच मिळत नाही, साधं पेट्रोल बघा. आणि कुठलंही मॉडेल नवीन असलं की मी सहा-आठ महिने थांबतो, पहिल्या लॉटमधल्या बारीकसारीक खोडी सर्व्हिस सेंटरला कळेस्तोवर. पाडव्याला घरात गाडी पाहिजेच असा हट्ट असेल तर घ्या, वाढीव वॉरंटीसकट घ्या.