डव्हटेल जिगवर कापलेला ड्रॉवरचा सांधा सैल बसतो, काय करावे?

समोरून न दिसणारा डव्हटेल सांधा, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवणारा सांधा, सैल बसत असेल, तर दोष बहुधा जिगचा (फळ्या आवळून धरणाऱ्या साच्याचा) नसून राउटरच्या (लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या) बिटच्या, म्हणजे फिरत्या पात्याच्या, खोलीचा असतो. बिट टेम्पलेटखाली (राउटरला वाट दाखवणाऱ्या जिगच्या दातेरी पट्टीखाली) जितके अधिक उतरेल तितका सांधा घट्ट होतो. ही खोली एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी बदलावी आणि दर वेळी त्याच जाडीच्या सागाच्या टाकाऊ तुकड्यांवर सांधा जुळवून पाहावा. हाताने अर्धा शिरला आणि लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत बसला, की पुरे. जळगावकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात फळ्या वाकतात, आणि अशी फळी जिगमध्ये आवळून सरळ केली, तरी सोडल्यावर पुन्हा वाकतेच. बिट फिरत असताना राउटर वर उचलू नये, आडवाच बाहेर काढावा. हे मी एक टेम्पलेट गमावून शिकलो.