हरित इमारतींची परिषद: प्रत्यक्ष जायचं की ऑनलाइन बसायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं चार जणांचं आर्किटेक्ट ऑफिस, त्यातली एक जण लीड ग्रीन असोसिएट (लीड या अमेरिकी हरित-इमारत मानांकनाची पहिली परीक्षा पास झालेली), हातात सोलापूरच्या एका ऑफिस इमारतीचं काम. वर्षाला एकाच परिषदेचा खर्च झेपतो. तर प्रत्यक्ष जावं की ऑनलाइन भागेल, आणि गेलंच तर काय करावं?

भाषणं ऐकायला प्रवास करू नका. ती घरबसल्या ऐकता येतात, कंटाळा आला तर बंदही करता येतात. प्रवास करायचा तो प्रदर्शनासाठी आणि चालत्या इमारतीच्या भेटीसाठी. पडद्यावरून काच उजेडात धरता येत नाही, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा वासही येत नाही.

आधी खर्च. बऱ्याच ठिकाणी नुसतं प्रदर्शन पाहण्याची नोंदणी वेगळी असते, पुष्कळदा फुकट. संपूर्ण प्रतिनिधी शुल्क भरण्याआधी ती सोय आहे का ते बघा. एकाने शुल्क भरून सत्रं ऐकायची आणि दोघांनी फक्त प्रदर्शन फिरायचं, हा लहान ऑफिसला परवडणारा हिशेब आहे. आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची ग्रीन बिल्डिंग काँग्रेस दरवर्षी शहर बदलते. वातानुकूलनाचं अ‍ॅक्रेक्स हे प्रदर्शन मुंबई, बंगळूर, ग्रेटर नोएडा असं फिरतं. त्यामुळे मुंबईची पाळी येईल ते वर्ष प्रत्यक्ष जाण्यासाठी ठेवा, बाकीची वर्षं ऑनलाइन काढा. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणी करतानाच ऑफिसचा जीएसटी क्रमांक टाका, नंतर बिल बदलून घेताना नाकी नऊ येतात. परराज्यातल्या हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी तिथल्या राज्याचा असतो, त्याचं क्रेडिट नाशिकच्या नोंदणीवर मिळत नाही. तो खर्चातच धरा.

निघण्यापूर्वी चालू कामातले तीन-चार अडलेले प्रश्न आकड्यांसकट एका कागदावर लिहा. ‘चांगली काच कोणती?’ हा प्रश्न नव्हे. ‘सोलापूर, पश्चिमेची भिंत, खिडक्या भिंतीच्या ३० टक्के, छज्जा ६०० मिलिमीटर, वातानुकूलन फक्त दिवसा’ एवढं सांगितलं की समोरचा माणूस कामाचं बोलतो, किंवा त्याला काही माहीत नाही हे दोन मिनिटांत कळतं. सत्रं निवडतानाही हवामान पाहा. सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात येतं, मुंबई उष्ण-दमट विभागात. मुंबईच्या इमारतीवरचं उत्तम सादरीकरणही तुमच्या फारसं उपयोगी पडायचं नाही. बाष्पीभवनाने हवा गार करण्याची युक्ती सोलापूरच्या एप्रिलमध्ये चालते, मुंबईच्या जूनमध्ये नाही.

आता प्रदर्शन. इथे खरा वेळ द्या. काचेच्या स्टॉलवर यू-व्हॅल्यू, म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने काचेतून किती उष्णता वाहते तो आकडा, ठळक छापलेली असते, कारण दुहेरी काचेत ती छान दिसते. आपल्याकडे आधी विचारायची ती एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा. ईसीबीसी २०१७ मध्ये, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या राष्ट्रीय संहितेत, थंड प्रदेश सोडून इतरत्र यू-व्हॅल्यूची कमाल मर्यादा ३.० आहे आणि उत्तर सोडून बाकी दिशांना एसएचजीसी ०.२७. उत्तरेकडे १५ अंश अक्षांशाच्या वर ०.५० चालते. सगळा महाराष्ट्र त्यात बसतो, गोव्यात काणकोणच्या टोकाला काम असेल तर मात्र नकाशा नीट बघा. शिवाय काचेतून दिसणारा उजेड, म्हणजे व्हीएलटी, किमान ०.२७ लागतो. तिन्ही आकडे एकाच काचेचे आहेत ना, हे विचाराच. माहितीपत्रकात एका काचेची एसएचजीसी आणि दुसरीचा उजेड शेजारी-शेजारी छापलेला असू शकतो. तिची पुढची आवृत्ती, २०२४ ची ईसीएसबीसीही आता आली आहे, तेव्हा तुमच्या कामाला कोणती संहिता लागू आहे ते जाण्याआधी पक्कं करा. नमुन्याची काच हॉलच्या दिव्याखाली पसंत करू नका. दाराबाहेर नेऊन उजेडात तिरकी धरा, म्हणजे आरशासारखी चमकते का ते कळतं.

छतावरच्या पांढऱ्या रंगाचं असंच. विक्रेता नव्या थराचा एसआरआय, म्हणजे उन्हात छत किती गार राहतं तो आकडा, सांगतो. लीडच्या चौथ्या आवृत्तीत सपाट छतासाठी सुरुवातीचा ८२ आणि तीन वर्षांनंतरचा ६४ असे दोन आकडे आहेत. आपल्या धुळीत महत्त्वाचा दुसरा. तो चाचणीच्या कागदावर दाखवता आला नाही तर पुढच्या स्टॉलवर जा. भिंतीच्या रंगाला ‘झिरो व्हीओसी’ (हवेत उडणारी रसायनं शून्य) म्हणतात तेव्हा ते बहुधा पांढऱ्या बेसबद्दल असतं. गडद छटेसाठी घातलेल्या रंगद्रव्यातून व्हीओसी वाढू शकतो. तुमची छटा मिसळल्यावर लिटरला किती ग्रॅम, हे विचारा.

ईपीडी, म्हणजे मालाच्या पर्यावरणीय परिणामाचं जाहीर पत्रक, हल्ली पुष्कळ स्टॉलवर मांडलेलं असतं. ते त्याच कारखान्याच्या त्याच मालाचं आहे की सगळ्या उद्योगाची सरासरी, आणि मुदत संपली आहे का, हे पहिल्या पानावरच पाहा. मुदत साधारण पाच वर्षांची असते. मोठी फसगत होते ती एककात. एएसी ब्लॉकचं, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं, एका घनमीटरचं वजन ५५० ते ६५० किलो, भाजक्या विटेचं १८०० च्या आसपास. एकाचा कार्बन किलोमागे आणि दुसऱ्याचा घनमीटरमागे छापलेला असेल तर तुलना निरर्थक. भिंतीच्या एका चौरस मीटरला दोन्ही आकडे काढा आणि मधला सांधेमालही धरा.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉलवाले आवराआवरीला लागतात आणि माहितगार अभियंता गाडी पकडायला निघालेला असतो. पहिल्या दिवशीची सकाळ उद्घाटनात जाते, पण तेव्हाच प्रदर्शनाचा हॉल मोकळा मिळतो.

इमारत-भेटीच्या जागा लवकर भरतात, नोंदणीबरोबरच नाव द्या. बंद बूट आणि ओळखपत्र जवळ ठेवा. काँग्रेस हैदराबादला असेल तर सीआयआय या उद्योगसंघटनेचं ग्रीन बिझनेस सेंटर बघा. २००३ मध्ये अमेरिकेबाहेर लीड प्लॅटिनम, म्हणजे लीडची सर्वोच्च श्रेणी, मिळवणारी ती पहिली इमारत. कुठेही गेलात तरी सल्लागाराच्या मागे फिरू नका, इमारत चालवणाऱ्या व्यवस्थापकाला गाठा. गेल्या बारा महिन्यांची विजेची एकूण युनिटं किती, त्यांना भागायला कोणतं क्षेत्रफळ धरलं, एकूण बांधकामाचं की फक्त वातानुकूलित भागाचं? शुद्ध केलेलं पाणी खरंच फ्लशला जातं की व्हॉल्व्ह बंद करून गटारात सोडलंय? सौर पॅनल कोण धुतं आणि किती दिवसांनी? प्रमाणपत्राच्या चौकटीपेक्षा ही उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

ऑनलाइनचं तंत्र वेगळं. नोंदणीत जे नाव दिलं त्याच नावाने आत या, कारण हजेरी लॉगिनच्या यादीवरून काढतात. एका पडद्यासमोर दोघं बसलात तर हजेरी एकाचीच लागते. प्रश्न गप्पांच्या खिडकीत नव्हे, प्रश्नोत्तरांच्या खिडकीत टाका, आणि वक्ता संपवण्याची वाट न पाहता दहाव्या मिनिटाला टाका. अमेरिकेतली सत्रं असतील तर घड्याळ सांभाळा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात. पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे ९ तोपर्यंत आपल्याकडे संध्याकाळचे ६.३० असतात, नंतर ७.३०. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०.३०, तेव्हा जेवून बसा.

ग्रीन असोसिएटला ती पात्रता टिकवायला दोन वर्षांत १५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यांतले ३ खास लीडविषयी. लीड एपीला, म्हणजे त्यावरच्या पात्रतेला, ३० आणि ६. एक तासाचं सत्र म्हणजे एक तास. परिषद कोणतीही असली तरी हे तास आपोआप नोंदले जातील असं समजू नका. सत्राचं नाव, तारीख, वक्ता आणि हजेरीचा पुरावा त्याच रात्री एका फोल्डरमध्ये टाका आणि लीडच्या ऑनलाइन खात्यात नोंद करा. मुदत उलटली तर परीक्षा पुन्हा.

परत आल्यावर ज्या चार-पाच कंपन्यांचा माल खरंच वापरायचा आहे त्यांना आठवड्याच्या आत ईमेल करा. प्रयोगशाळेचं नाव आणि तारीख असलेला चाचणी अहवाल, ईपीडीची पूर्ण प्रत आणि सोलापूरला पोहोच भाव मागा. पंधरा दिवसांत अहवाल आला नाही तर ते नाव यादीतून खोडा, मग स्टॉलवर चहा कितीही चांगला मिळालेला असो.