दोन भावंडं मळा विकायला निघाली, तर तिसऱ्याने काय करावं?

प्रश्न थोडक्यात: मूळच्या नाशिकच्या एक वाचक ताई फ्रान्सच्या बर्गंडी भागात, बोन शहराजवळ सासरी राहतात. सासऱ्यांचा पिढीजात साडेसहा हेक्टरचा द्राक्षमळा आणि वाइनचं तळघर आहे. सासरे चार महिन्यांपूर्वी वारले; सासूबाई आधीच गेल्या. मृत्युपत्र नाही, वारस तीन भावंडं. ताईंचे पती अठराव्या वर्षापासून नऊ वर्षं वडिलांकडे बिनपगारी राबले, आज मळा तेच चालवतात. दीर आणि नणंद 'सहा महिन्यांत विकलंच पाहिजे' म्हणतात. विक्रीच्या संमतीपत्रावर सही करावी का?

ताई, सही करू नका. पण कागद कपाटात ठेवून गप्पही बसू नका, खरा धोका तिथेच आहे.

मळा सध्या तिघांच्या सामाईक मालकीचा, प्रत्येकाचा एक तृतीयांश. एरवी विक्रीला सगळ्यांची संमती लागते. मात्र दोन तृतीयांश हिस्सा असलेल्यांना नोतॅरमार्फत विक्रीचा इरादा कळवता येतो, आणि दीर-नणंदेचे हिस्से मिळून नेमके तेवढेच होतात. (तिथला नोतॅर आपल्यासारखा शिक्के मारणारा नोटरी नव्हे, वाटणीचं सगळं काम त्याच्याच हातून होतं.) ही नोटीस बेलिफ आणून देतो. तीन महिन्यांत उत्तर गेलं नाही किंवा विरोध झाला, तर नोतॅर तशी नोंद करतो आणि प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. तुमच्या हक्कांना अवाजवी धक्का बसत नाही असं वाटलं, तर कोर्ट विक्रीला परवानगी देतं. म्हणून हातात आलेला कागद साधं पत्र आहे की बेलिफाची नोटीस, हे आजच पाहा.

नुसता 'नाही' पुरत नाही. त्याच उत्तरात पतींनी वाटणीत मळा स्वतःकडे मागावा. शेतीत प्रत्यक्ष राबलेल्या वारसाला हा प्राधान्याचा हक्क आहे. भावंडांच्या हिश्श्याची रक्कम मात्र द्यावी लागते, आणि किंमत वडिलांच्या मृत्यूच्या दिवसाची नव्हे, वाटणीच्या सुमाराची धरतात. बर्गंडीत जमिनीचे भाव चढते असताना वाटणी रेंगाळली, तर भुर्दंड तुम्हालाच. एवढी रक्कम उभी राहत नसेल, तर जमीन तिघांच्या भूसंस्थेत (जमिनीची मालकी एकत्र ठेवणाऱ्या, तिघे भागीदार असलेल्या संस्थेत) घालून पतींनी ती दीर्घ मुदतीच्या, किमान 18 वर्षांच्या पट्ट्याने कसावी. भावंडांना खंड मिळतो, मळा फुटत नाही. समान वाटणीच्या कायद्याने काय होतं ते तुमच्या जवळच दिसेल: क्लो द व्हूजोचा जेमतेम 50 हेक्टरचा मळा आज 80च्या आसपास मालकांत विभागलेला आहे.

आता त्या नऊ वर्षांचं. बहुतेक कुटुंबांत हा दावा कोणी काढतच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. वडिलांच्या शेतावर 18 वर्षांनंतर पगार किंवा नफ्यात वाटा न घेता राबलेल्या अपत्याला 'सालेर दिफेरे', म्हणजे मागाहून मिळणारा पगार, वारशातून आधी वसूल करता येतो. हिशेब असा: वर्षाचे 2080 तास, गुणिले किमान वेतन, त्याचे दोन तृतीयांश, कमाल 10 वर्षं. तासाला 12 युरो धरले तर वर्षाला 16,640, नऊ वर्षांचे 1,49,760 युरो. पुरावा म्हणून शेतकरी विमा संस्था एमएसए हिच्याकडून त्या वर्षांचा नोंदीचा दाखला मागवा. पतींना त्या काळात कोणत्याही नावाने पगार मिळाला असेल, तर ती वर्षं गळतात.

तळघरातली पिंपं एकेक करून मोजून घ्या. बर्गंडीचं पिंप 228 लिटरचं, साधारण 300 बाटल्या. मृत्यूच्या दिवशी पिंपांत असलेली वाइन वारशात धरली जाते. त्यानंतरच्या पिकाचं उत्पन्न तिघांचं असलं, तरी मळा चालवण्याचा मोबदला पतींना मागता येतो. छाटणी, फवारणी, मजुरीची बिलं वेगळ्या वहीत ठेवा.

'सहा महिन्यांत विकलंच पाहिजे' हे खरं नाही. सहा महिन्यांची मुदत वारसा कराचं विवरण भरण्याची आहे. प्रत्येक अपत्याला एक लाख युरोची सूट आहे, आणि चालू व्यवसायाच्या वारशावरचा कर अटी पाळून पाच वर्षं लांबवून पुढे हप्त्यांनी भरता येतो. तो अर्ज मात्र विवरणासोबतच द्यावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे आता दोनच महिने आहेत.

लग्नानंतर त्या नऊ वर्षांपैकी काही काळ तुम्हीही बिनपगारी राबला असाल, तर स्वतःच्या दाव्याबद्दल नोतॅरला वेगळं विचारा. विवाहाचा दाखला महाराष्ट्रातला असेल तर त्यावर अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) घेऊन फ्रेंच कोर्टाच्या यादीतल्या अनुवादकाकडून भाषांतर करून ठेवा.