ताटाची डावी बाजू तशीच का राहते?

प्रश्न (रावेर): आबांना मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला. ताटात उजवीकडचं भरीत संपवतात, डावीकडची कळण्याची भाकरी तशीच! वर ‘भाकरी वाढलीच नाही’ म्हणून चिडतात. डोळे तपासले, ठीक आहेत.

उत्तर: आबा हट्ट करत नाहीत, त्यांचं डावीकडे लक्षच वळत नाही. डॉक्टर याला ‘नेग्लेक्ट’ म्हणतात. उजवा मेंदू दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा प्रामुख्याने उजव्या बाजूवर. म्हणून उजव्या मेंदूला, विशेषतः कानाच्या वर-मागच्या भागाला इजा झाली की डावीकडे पाहणारं कुणी उरत नाही. घरी अंदाज घ्यायचा तर कागदावर 20 सेंटीमीटरची आडवी रेघ मारा, कागद छातीच्या बरोबर समोर ठेवा आणि मध्यावर खूण करायला सांगा. कागद सरकवू देऊ नका, नाहीतर चाचणी फसते. खूण वारंवार उजवीकडेच पडली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना तो कागद दाखवा.

प्रश्न (अमळनेर): अर्धी नजर जाणं, म्हणजे दोन्ही डोळ्यांना एका बाजूचं न दिसणं, ते हेच का?

उत्तर: नाही, पण दोन्ही एकत्र असू शकतात. नुसती अर्धी नजर गेलेल्याला बहुधा ते कळतं, तो मान वळवून भरपाई करतो. इथे मान वळवायचं सुचतच नाही. आठवणीतलीही डावी बाजू गळते. बिसियाक आणि लुझ्झाती या इटालियन संशोधकांनी 1978 साली मिलान शहरातल्या दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरचा (मुख्य चर्चसमोरचा) चौक आठवून सांगायला लावला. कॅथेड्रलकडे तोंड आहे असं मानल्यावर त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या; पाठ आहे असं मानल्यावर मघाशी गाळलेल्या, आता उजवीकडे आलेल्या इमारती आठवल्या!

प्रश्न (शिरपूर): घरी काय करावं?

उत्तर: ताटाच्या, वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी चिकटवा. ‘आधी लाल पट्टी शोधा, मग उजवीकडे या’, हे प्रत्येक घासाला, प्रत्येक ओळीला. नुसतं ‘डावीकडे बघा’ ओरडून काही होत नाही. बोलायला सुरुवातीला समोर बसा, जमू लागलं की थोडं थोडं डावीकडे सरका. पाणी, औषधं आणि बोलावण्याची घंटी मात्र उजवीकडेच. सराव ताटावर करावा, गोळ्यांवर नको. व्हीलचेअरवर डावा हात मांडीवर आहे ना, ते दर वेळी पाहा. तो चाकात अडकतो आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. चहाचा गरम कप त्या बाजूला ठेवू नका.

प्रश्न (भुसावळ): वडील चालू लागलेत. मोटरसायकल द्यावी का?

उत्तर: नाही. चावी लपवा. डावीकडून येणारा ट्रक त्यांच्या लेखी नसतोच, आणि ‘मला काही झालेलं नाही’ हे त्यांचं म्हणणंही बऱ्याचदा याच दुखण्याचा भाग असतं.