घरात काही कमी नसताना आजची मुलं वापरलेले कपडे का विकत घेतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी १९ वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलवर राहते. घरून पैसे वेळेवर जातात, तरी ती इन्स्टाग्रामवरून नाहीतर जुन्या बाजारातून अनोळखी लोकांनी वापरलेले कपडे घेते. दिवाळीला घरी आली ती कुणाचातरी जुना कोट घालून. तुम्हाला वाईट वाटलं, नातेवाईक काय म्हणतील असंही वाटलं. आणि आता ती तुमची लग्नातली इरकल साडी ड्रेस शिवायला मागतेय.

मी २७ वर्षांची आहे, पुण्यातच वाढले. गेली सात वर्षं माझे निम्म्याहून जास्त कपडे असेच घेतलेले आहेत. माझी आई घरी ब्लाउज शिवते. सुरुवातीला तीही तुमच्याइतकीच दुखावली होती, म्हणून तिच्यापासूनच सांगते.

कॉलेजात असताना मी जुन्या बाजारातून दीडशे रुपयांना एक सुती फ्रॉक आणला. मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ दर बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. पाने-पक्कड, पितळेची भांडी, घड्याळं, बूट, कपडे, सगळं जमिनीवर मांडलेलं. आईने फ्रॉक घरात घेऊ दिला नाही. "कुणाच्या अंगावरचा आहे कुणास ठाऊक. ते माणूस आहे का गेलं, तेही माहीत नाही," म्हणाली. मी तो गरम पाण्यात सोडा घालून भिजवला, दोन दिवस कडक उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी इस्त्री करायला तिनेच हातात घेतला, उलटा केला आणि थांबली. शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर माया होती.

ज्यांच्या घरी शिवणकाम नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. अंग भरलं की उसवायचं आणि कपडा सैल करायचा. आईच्या हातचं ब्लाउज दहा-दहा वर्षं चालतं ते त्यामुळे. आज दुकानातला पाचशे रुपयांचा नवा टॉप उलटा करून बघा. इंटरलॉक मारून जेमतेम पाव इंच कापड आत असतं. वजन वाढलं की तो गेला, दोनचार धुण्यांत शिवण तिरकी झाली तरी गेला. आई त्या फ्रॉककडे बघत म्हणाली, "हा कुणीतरी घरी बसून शिवलाय गं." मग तिनेच तो मला बेताचा करून दिला. अजून आहे.

तुमच्या मुलीला काय आवडतं याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. आमच्या वयाच्या मुलांना नवं भरपूर मिळालं, पण चांगलं बनवलेलं फार थोडं मिळालं. पहिल्यांदा जाड पॉपलीन, खरी लोकर, हाताने केलेली काजं बोटांना लागतात ती बहुतेक वेळा जुन्या कपड्यात, आणि एकदा तो फरक कळला की पातळ पॉलिस्टर नकोसं होतं. पैसे वाचतात हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. शिवाय दुकानातला टॉप वर्गात चार जणींकडे असतो, हा कोट फक्त तिच्याकडे आहे.

आताच हे एवढं का वाढलं, त्याला साधी कारणं आहेत. मुलींच्या हातात कॅमेरा होता, २०१६ नंतर यूपीआय आलं, कुरिअरवाला दारातून पार्सल उचलायला लागला. २०२० मध्ये कॉलेजं बंद पडली तेव्हा कितीतरी जणींनी कपाटं आवरली आणि इन्स्टाग्रामवर छोटी दुकानं काढली. ठरलेल्या वेळी फोटो पडतात, त्याला ड्रॉप म्हणतात. जी आधी मेसेज करेल तिचा कपडा. पाण्याचा विचारही असतो. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं हा अंदाज आमच्या पिढीने शाळेपासून ऐकलाय. माझं आजोळ यवतमाळचं आहे, कापसाचं बोंड कुठल्या उन्हात आणि किती कर्जावर फुटतं ते मी पाहिलंय. ते एका पावसाळ्यात फेकायच्या टॉपसाठी फुटावं असं मला वाटत नाही.

पण हे आम्ही शोधून काढलं असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. बोहारीण आठवते ना तुम्हाला? दुपारी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन यायची. आमच्या आजीशी तासभर घासाघीस व्हायची, दोन पँटी आणि एक शर्ट वाढवल्याशिवाय स्टीलचा डबा सुटायचा नाही. बाबांच्या पँटींना आईच्या साड्यांपेक्षा जास्त भाव होता. या बायका बहुतेक मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या. घेतलेले कपडे त्या निवडायच्या, धुवायच्या, रफू करून, बटणं लावून, इस्त्री मारून बाजारात विकायच्या, आणि अगदीच विरलेलं असेल ते गॅरेजवाल्यांना पुसायला जायचं. आजही हे चालू आहे. दिल्लीत रघुबीर नगरला पहाट व्हायच्या आत असा बाजार भरतो. मी बाजारात फार घासाघीस करत नाही ती यासाठीच. तोच शर्ट फोटो काढून पाचपट किमतीला विकणाऱ्या मुलीला आपण उद्योजिका म्हणतो. ज्या बाईने तो धुऊन सांधला तिलाही तो मान मिळायला हवा.

आणि तुम्हाला वाईट वाटलं, ते चूक नाही. सेकंडहँड सगळ्यांसाठी सारखं नसतं. आपल्याकडे उतरलेले कपडे कुणाच्या अंगावर यायचे ते जातीने ठरायचं. मढ्यावरचं कापड घेणं हा काही समाजांचा 'हक्क' ठरवला होता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की स्वच्छ राहा, लुगडं नीट नेसा, जात ओळखू येईल अशा खुणा अंगावरून उतरवा. माझ्या एका मैत्रिणीची आजी दिवाळीला प्रत्येक नातवंडाला कोरा कपडा घ्यायचीच, उधारी करून का होईना, आणि दुसऱ्याचं वापरलेलं घरात येऊ द्यायची नाही. ती मैत्रीण माझ्याबरोबर बाजारात येते, पुस्तकं घेते, कपडे घेत नाही. मला ते पूर्ण पटतं. माझ्या आईलाही लहानपणी चुलतबहिणीचे फ्रॉक घालावे लागायचे, आणि वर्गात कुणीतरी तो फ्रॉक ओळखला होता. तिला तेव्हा निवडायला काही नव्हतं. तुमच्या मुलीला आहे. म्हणून तिला त्यात कमीपणा वाटत नाही. तुमच्या लहानपणी असं काही घडलं असेल तर तिला एकदा सांगा. मुलांना ते माहीत नसतं.

कपड्यांवरच हे थांबत नाही, तेही सांगून ठेवते. माझा भाऊ एचएमटीची घड्याळं जमवतो. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरूला ती बनायला लागली, २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला, आणि आता पंचविशीतली मुलं त्यातलं किल्लीचं 'जनता' घड्याळ शोधत फिरतात. यात फसवणूक खूप आहे. तबकडी नव्याने रंगवून, आत दुसऱ्याच घड्याळाचे भाग बसवून चकचकीत केलेला माल ऑनलाइन विकला जातो. जमवणारे त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुन्या 'जनता'ची तबकडी भडक निळी-केशरी आणि कोरी करकरीत दिसली की भाऊ लांबूनच सोडतो.

मुलीला अडवू नका, पण काही गोष्टींत कडक राहा. आतले कपडे वापरलेले घ्यायचे नाहीत. हेल्मेट तर कधीच नाही, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतून निकामी असतं. बूट दुसऱ्याच्या पावलाचा आकार घेतात, टाच दुखते. फोन घ्यायचा असेल तर आधी त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासायचा, चोरीची तक्रार होऊन बंद केलेला असेल तर तिथे कळतं. कपड्याची काख, कॉलरची आतली बाजू आणि चेन आधी बघायची. ऑनलाइन घेताना एम-एल बघायचं नाही, विकणारीकडून इंचांत माप मागायचं आणि आपल्या नीट बसणाऱ्या कपड्याशी ताडून बघायचं. शिवणीतला एक धागा काढून जाळला की कापड कळतं: सूत कागदासारखं जळून राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. आणि दर ड्रॉपला काहीतरी घ्यायचंच असं होऊ लागलं तर बोला तिच्याशी. स्वस्त आहे म्हणून आठवड्याला तीन कपडे घेतले तर कपाट तसंच भरतं. माझं एक वर्ष तसं गेलंय. त्यातले बरेच कपडे पुढे मी वाटून टाकले.

आता इरकल. द्या, पण कात्री लागायच्या आधी ती उजेडात धरून घडी-घडीवर बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवरच विरते. दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकंच ताणा. धागे सरकले तर त्या भागाचा ड्रेस टिकणार नाही, तो सोडून कापायचं. पदर शक्यतो कापू नये. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला गुंतवून जोडलेला असतो, आणि तिथे कात्री चालली की उसवत जातं. पदर अख्खा ठेवून त्याची ओढणी करता येईल. ड्रेसला आतून मऊ सुती अस्तर लावायचं, नाहीतर मुंढ्यात आणि कमरेला जुन्या कापडावर ताण येतो. आणि शिंप्याला सांगायचं की दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेव, मुलगी आत्ता एकोणीसचीच आहे.