खेड्यात राहून डिजिटल डिझायनर होता येतं का? काम नेमकं काय असतं?

येतं. मी आर्वीजवळच्या गावातूनच करतोय. फक्त ‘फोटोशॉप आलं की झाला डिझायनर’ हा समज आधी काढून टाका. आपल्याकडे फ्लेक्सच्या दुकानातली पोरं वाढदिवसाचं बॅनर दहा मिनिटांत काढून देतात, ते कसबच आहे. पण डिजिटल डिझायनरला आधी हे बघावं लागतं की स्क्रीनवर माणूस कुठे अडतो. माझ्या काकांना एका अ‍ॅपमध्ये सातबारा जोडायचं बटणच सापडेना. कारण साधं: बांधावर, भर उन्हात, तडा गेलेल्या मोबाईलवर फिकट राखाडी अक्षरं! मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, किमान ४.५:१ ठेवा, असा वेब सुलभतेचा निकष आहे तो याचसाठी.

शिकायला फिग्मा हे स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर घ्या. ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीला फुकट. मराठीसाठी ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट छान आहे. कृतीदेव या जुन्या टायपिंग फॉन्टमधला मजकूर मात्र वेबवर टाकू नका, तो फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर अक्षरं भलतीच दिसतात; युनिकोडच वापरा.

पदवी हवीच असेल तर बारावीनंतर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्या, कोणतीही शाखा चालते. त्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी. डेस. ही डिझाइनची पदवी करता येते. नाहीतर तीन कामांचा पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला कामांचा संग्रह, बनवा. गावच्या कृषी केंद्राचं ऑर्डर पानही चालेल, पण आधी काय अडत होतं आणि तुम्ही काय बदललं ते लिहा. मुलाखतीत तेच विचारतात.

आणि हो, इन्व्हर्टर घ्या. क्लायंटला लोडशेडिंग कळत नाही.