स्कॉटिश रानमांजरावरून स्वतःचं टार्टन कसं करून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होणारा नवरा स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसचा. लग्नात त्याचा किल्ट (पुरुषांचा चुण्यांचा स्कॉटिश घागरा) आणि तुमचा व बहिणीचा स्टोल एकाच नव्या टार्टनचे, म्हणजे स्कॉटिश चौकडीच्या कापडाचे, हवेत, आणि ते टार्टन स्कॉटलंडच्या रानमांजराच्या रंगांचं. एकाने पडद्यावर चित्र करून दिलंय, पण त्यात मांजर कुठे दिसत नाही. तर पुढे काय करायचं, कापड किती घ्यायचं आणि नोंदणी करायची का?

मांजर दिसणार नाही, हे आधी मान्य करा. टार्टनमध्ये फक्त सरळ पट्टे असतात, उभे आणि आडवे, आणि दोन्हीकडे क्रम तोच. ठिपके, डोळे, कान काही येत नाही. त्यामुळे प्राण्याकडून दोनच गोष्टी उचलता येतात: रंग, आणि कोणता रंग कोणाशेजारी किती रुंद बसतो ते प्रमाण. तुमचं चित्र बहुधा या दुसऱ्या गोष्टीत फसलंय.

कारण असं. टार्टन दोन-वर-दोन-खाली अशा ट्विल विणीचं असतं. तपकिरी ताणा (उभे धागे) आणि काळा बाणा (आडवे धागे) जिथे एकमेकांना छेदतात तिथे ना तपकिरी दिसतो ना काळा. दोघांच्या बारीक तिरक्या रेघा मिळून तिसरीच छटा दिसते. एखाद्या रंगाचे धागे एकूण धाग्यांच्या ६० टक्के असतील, तर कापडावर तो निर्भेळ दिसतो फक्त ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के जागेत. वाघावरून टार्टन करणारे इथेच आपटतात. ६० टक्के केशरी, ३० टक्के काळा, १० टक्के पांढरा घेतला तर शुद्ध केशरी ३६ टक्के आणि केशरी-काळ्याची मळकट छटाही ३६ टक्केच. मग हा तपकिरी आला कुठून, असं विचारतात. म्हणून रंग निवडण्याआधी हा गुणाकार करायचा. आणि रंग जितके वाढवाल तितक्या छटा वाढतात: ४ रंगांच्या १०, ५ रंगांच्या १५, ६ रंगांच्या २१. माझ्या मते रानमांजराला ५ पुरे, सहावा घेतलात की कापड गढूळ होतं.

आता प्राणी. छायाचित्र निवडताना जपा, कारण स्कॉटलंडमधली बरीच 'रानमांजरं' पाळीव मांजरांशी संकर झालेली असतात. अस्सल ओळखायला अंगावरच्या ७ खुणा बघतात, त्यातल्या पाच टार्टनला थेट उपयोगी आहेत: पाठीवरची एकच काळी रेघ, जी शेपटीच्या मुळाशी थांबते, जाड शेपटीवरची सुटी, ठळक वलयं आणि बोथट काळं टोक, खांद्यावर २ जाड पट्टे, आणि मानेवर ४. आकडे आयते मिळालेत, ते वापरा. ढगाळ उजेडातला फोटो घ्या. सोनेरी उन्हातल्या फोटोत सगळी मांजरं तांबडी दिसतात.

यावरून मी असा क्रम सुचवेन (आकडे धाग्यांचे):

काळा ४ / तपकिरी ३२, काळा ४, तपकिरी ८, काळा ४, तपकिरी ८, फिका बदामी १०, राखाडी २०, काळा १२, राखाडी ८, काळा १२ / पिवळा ४

दोन टोकांचे रंग म्हणजे वळणाचे बिंदू. तिथून क्रम आरशासारखा उलटा फिरतो. पहिला काळा ४ ही पाठीची रेघ, रुंद तपकिरी पट्ट्याच्या ऐन मध्यावर. मग खांद्याचे २ पट्टे. आरशामुळे पूर्ण घडीत ते ४ होतात आणि मानेचाही हिशेब जुळतो. बदामी हा पोटाचा. राखाडीवरचे १२-१२ चे काळे पट्टे ही शेपटीची वलयं. पिवळा ४ हा डोळा, दोन्हीकडून काळ्याने कोंडलेला. तो बदामीशेजारी ठेवला असता तर चार हातांवरूनही दिसला नसता.

मधल्या धाग्यांची बेरीज ११८, तिची दुप्पट २३६, त्यात टोकांचे ४ आणि ४ मिळवून २४४. ही एक पूर्ण घडी, जिला सेट म्हणतात. बेरीज करताना टोकांचे आकडे दुप्पट करायचे नाहीत. काही जुन्या नोंदींत टोकाचा आकडा अर्धा लिहिलेला असतो, आणि गिरणीने एका पद्धतीने वाचला नि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने लिहिला तर पाठीची रेघ ८ धाग्यांची होऊन बसते. म्हणून ईमेलमध्ये 'टोकाचे आकडे पूर्ण आहेत, एकूण सेट २४४' हे स्वतंत्र ओळीत लिहा. गिरणीच्या कागदावर रंगांना इंग्रजी आद्याक्षरं असतात, पण काळ्याला 'के', कारण 'बी' निळ्याने घेतलाय. तपकिरीला 'टी' आणि राखाडीला 'एन' असतो. तेवढं तपासा.

सगळे आकडे सम आहेत, आणि ४ पेक्षा बारीक रेघ मी मुद्दाम ठेवलेली नाही. ट्विलची वीण ४ धाग्यांनी पूर्ण होते. २ धाग्यांची रेघ विणता येते, पण ती सलग न दिसता तुटक, टिंबाटिंबांची दिसते.

या क्रमात धाग्यांचे वाटे पडतात असे: तपकिरी ९६, काळा ६८, राखाडी ५६, बदामी २०, पिवळा ४. आता गुणाकार करा. शुद्ध तपकिरी जेमतेम साडेपंधरा टक्के, तपकिरी-काळ्याची छटा मात्र जवळपास २२, तपकिरी-राखाडी १८. पाचही रंगांचे निर्भेळ चौकोन मिळून कापडाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाहीत. म्हणजे तुमचं टार्टन कसं दिसेल हे तपकिरी कोणता घेता यावर कमी, आणि तो काळ्यात व राखाडीत मिसळून काय होतो यावर जास्त ठरतं. सगळ्यात नेहमीचा दोष इथलाच: तपकिरी आणि राखाडी सारख्याच उजळपणाचे निवडले जातात, जवळून वेगळे दिसतात आणि मांडवात पाच पावलांवरून एकच धुरकट पट्टा होतो. चाचणी सोपी आहे. दोन्ही धाग्यांचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. वेगळे ओळखू आले नाहीत तर राखाडी उजळ करा, तपकिरीला हात लावू नका. मध्ये बदामी घातलाय तोही याच भीतीने.

रंग पडद्यावरून कधीही कळवू नका. ज्या गिरणीत विणणार तिचं धाग्यांचं शेडकार्ड टपालाने मागवा आणि तिच्या तयार रंगांतूनच निवडा. खास रंगवून घेणं शक्य असतं, पण लोकर ठरावीक वजनाखाली रंगवत नाहीत आणि एका किल्टसाठी तो खर्च परवडत नाही. कार्ड खिडकीच्या उजेडात आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली, दोन्हीकडे बघा; काही तपकिरी दिव्याखाली चक्क लाल पडतात.

गिरण्यांमध्ये सेल्कर्कची लॉखकॅरन, हाउस ऑफ एडगर, यॉर्कशरची मार्टन मिल्स ही नावं किल्टवाल्यांच्या तोंडी असतात. काही छोट्या गिरण्या एका किल्टपुरतंही विणतात. मीटरचा दर मात्र अंगावर येतो, कारण माग लावायची मेहनत ४ मीटरला आणि ४० मीटरला तेवढीच. विचारताना एवढं विचारा: कमीत कमी किती मीटर, कापडाचं वजन काय, इंचाला किती धागे, आणि किल्टसाठी लागतो तसा स्वच्छ काठ मिळेल का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. किल्टला खाली दुमड नसते, कापडाचा काठच खाली येतो. झालरवाला काठ आला तर शिंपी कपाळाला हात लावेल.

वजन (दर यार्ड कापडाचं): किल्टला १३ औंस चांगलं, १६ औंस भारदस्त, चुण्या त्यात झकास पडतात. १०-११ औंसाचा किल्ट इनव्हरनेसच्या वाऱ्यात उडतो. स्टोलला मात्र १६ औंस म्हणजे घोंगडी; तिथे हलकं कापड हवं. इंचाला ४० धागे धरले तर २४४ चा सेट सुमारे ६ इंच येतो, आणि किल्टला ५ ते ७ इंच हाच सोयीचा आकार. कापड धुऊन-दाबून झाल्यावर आटतं, म्हणून गिरणीकडून तयार कापडातलं माप लिहून घ्या. रेशमी स्टोल काढायचा विचार असेल तर हेच आकडे जसेच्या तसे देऊ नका: इंचाला १०० धागे असतील तर सेट अडीच इंचांपेक्षाही लहान होईल आणि डोळ्याची पिवळी रेघ केसाएवढी. तिथे सगळे आकडे दुप्पट करा.

कापड किती? पारंपरिक किल्टला ८ यार्ड, पण ते एकेरी पन्ह्याचं. हल्ली पन्हा साधारण दीड मीटर येतो, तो मधोमध उभा फाडून दोन पट्ट्या जोडतात, म्हणून ४ यार्ड, धरून चाला ४ मीटर. दोन स्टोल २ मीटरमध्ये शेजारी-शेजारी निघतात. टाय काढायचे तर आणखी १ मीटर, तिरपे कापावे लागतात म्हणून. वर अर्धा मीटर राखीव घ्या. एकूण साडेसात, अर्थात किल्ट आणि स्टोल एकाच वजनाच्या कापडात चालणार असतील तर. मग १३ औंस हाच मधला तोडगा.

त्या फाडण्यामुळेच सेट आरशासारखा हवा. दोन्ही पट्ट्यांचे काठ खाली आणायचे तर एक पट्टी अर्ध्या वर्तुळात फिरवावी लागते. क्रम एकदिशी असेल तर फिरवलेल्या पट्टीत तो उलटा येतो आणि जोड जुळतच नाही. शिवाय काठाशी सेटचा कोणता भाग सुरू व्हावा हेही गिरणीला सांगा. कापड आडवं फिरवून किल्ट शिवतात, त्यामुळे ताण्याचे पट्टे अंगावर आडवे दिसतात. शेपटीची काळी वलयं खालच्या कडेपासून जरा वर बसली की देखणी दिसतात. अगदी कडेवर अर्धं वलय आलं तर कापड चुकून कापल्यासारखं वाटतं.

पूर्ण कापड सांगण्याआधी विणलेला नमुना घ्याच, त्याचे पैसे वाचवू नका. नमुन्यावर सेट उभा आणि आडवा, दोन्हीकडून पट्टीने मोजा. बाण्याचे धागे ताण्यापेक्षा विरळ किंवा दाट बसले तर चौकोनाचे आयत होतात, आणि ते डोळ्याला लगेच खटकतं. नमुना, विणाई, मग हाताने शिवलेला किल्ट, प्रत्येकाची रांग वेगळी. सहा महिने हाताशी नसतील तर नवं टार्टन सोडा, तयार टार्टनमधलं निवडा.

नोंदणी सक्तीची नाही. न नोंदवता विणलं, नेसलं तरी कोणी अडवत नाही. करायची असेल तर ती एडिनबरोच्या स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्सकडे, जे २००८ च्या कायद्याने स्थापन झालं आणि २००९ पासून चालू आहे. अर्ज ऑनलाइन, शुल्क ७० पौंड (अर्जाच्या दिवशी आकडा तपासून घ्या). धाग्यांचा क्रम, रंग, चित्र, नाव आणि त्या नावाशी तुमचा संबंध काय ते द्यावं लागतं. विणलेला तुकडा दिलात तर उत्तम. आधी त्यांच्या शोधयंत्रात नाव आणि क्रम दोन्ही घालून पाहा, कारण आधीच्या टार्टनच्या फार जवळचा क्रम नाकारला जातो.

नावात नुसतं 'रानमांजर' ठेवू नका, दोघांची आडनावं घाला. क्लॅन चॅटन या स्कॉटिश कुळसंघाच्या कुळचिन्हावर रानमांजर आहे, 'हातमोजा घातल्याशिवाय मांजराला हात लावू नका' अशा अर्थाच्या ब्रीदासकट, आणि इनव्हरनेस हा त्यांचाच मुलूख. नाव मोघम ठेवलंत तर 'हे क्लॅन चॅटनचं का?' हाच पहिला प्रश्न सासरची मंडळी विचारतील.

आणि ते चित्र करून देणाऱ्याशी लेखी बोलून घ्या. नोंदणीने टार्टनवर कसलाही मालकी हक्क मिळत नाही, ती फक्त नोंद असते. ब्रिटनच्या कायद्यात पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइटही, लेखी हस्तांतर नसेल तर, करणाऱ्याकडेच राहतो. दोन ओळींचं सही केलेलं पत्र पुरतं, पण ते पैसे चुकते करण्याआधी घ्या.